रॅम महागली, आता हौस परवडेल का?

३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉन कंपनीने जाहीर केलं की 'क्रुशियल' हा ब्रँड ती गुंडाळणार आहे. घरी स्वतः कॉम्प्युटर जोडणाऱ्यांना हे नाव वेगळं सांगायची गरज नाही. लॅमिंग्टन रोडवर जाऊन "८ जीबीची एक स्टिक दाखवा" म्हटलं की काउंटरवर जी दोन-तीन पाकिटं यायची, त्यात क्रुशियलचं असायचंच. २९ वर्षं चाललेला हा ब्रँड. बंद करण्याचं कारण कंपनीने आडपडदा न ठेवता सांगितलं: एआय डेटा सेंटरकडून मेमरीला एवढी मागणी आहे की माल तिकडे वळवायचा आहे.

जगातली बहुतेक सगळी डीरॅम तीन कंपन्या बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या मोठ्या चिपला एचबीएम नावाची खास मेमरी लागते, आणि मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ रॅमच्या तुलनेत एचबीएमला साधारण तिप्पट सिलिकॉन खर्ची पडतं. म्हणजे डेटा सेंटरसाठी १ जीबी बनली की तुमच्या-आमच्या वाट्याची ३ जीबी गेली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव का भडकले, याचं उत्तर बऱ्याच अंशी या एका गणितात आहे. (साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, मग आपल्याकडे तरी स्वस्त मिळेल ना, असं कुणी विचारलं तर: नाही. तिथे चिपची जोडणी, तपासणी आणि पॅकेजिंग होतं. मूळ सिलिकॉन बाहेरून येतं.)

यावर गेमर मंडळींनी भरपूर आरडाओरडा केला, आणि तो रास्तच आहे. पण मला वाटतं खरी झळ दुसऱ्याच माणसाला बसणार आहे. दिवसा कुठल्यातरी कंपनीत पेमेंटचं किंवा इन्व्हेंटरीचं साधं सॉफ्टवेअर लिहिणारा, आणि रात्री जेवणं आटोपली की मशीन लर्निंगशी खेळत बसणारा इंजिनिअर. त्याच्या बायोडेटात 'आवडी' या रकान्यात क्रिकेट, ट्रेकिंग आणि मशीन लर्निंग असं लिहिलेलं असतं. आपण ते वाचून पुढे जातो. पण आज तुमच्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय एखादं भाषेचं मॉडेल चालत असेल, तर ते अशाच एका माणसाच्या फावल्या वेळामुळे. त्याची गोष्ट जरा नीट बघू, म्हणजे रॅमचा भाव आणि हौस यांचा संबंध लक्षात येईल.

कीबोर्डचा आवाज ऐकणारा माणूस

गिऑर्गी गेर्गानोव्ह हा बल्गेरियाचा इंजिनिअर. मोठ्या एआय प्रयोगशाळेत त्याचं नाव नव्हतं, आणि एआयचा तज्ज्ञ असल्याचा त्याचा दावाही नव्हता. त्याचे जुने छंद बघितले तर हसू येतं. कीबोर्डवर टाइप करताना होणाऱ्या टकटकीवरून कुठलं बटण दाबलं ते ओळखता येईल का, असा एक प्रयोग त्याने केला आणि त्याचा कोड खुला ठेवला. दुसरा छंद 'जीजीवेव्ह'चा: दोन उपकरणांनी एकमेकांना शिट्ट्यांसारख्या आवाजातून छोटे संदेश पाठवायचे. वायफाय नको, ब्लूटूथ नको, फक्त स्पीकर आणि माइक. उपयोग काय? तेव्हा तरी काही नाही. मजा येते म्हणून केलेलं काम.

गंमत बघा, फेब्रुवारी २०२५ मध्ये एक व्हिडिओ जगभर फिरला. त्यात हॉटेल बुकिंगसाठी दोन एआय एजंट फोनवर बोलत असतात, समोरचाही एआयच आहे हे त्यांना कळतं आणि ते माणसांची भाषा सोडून किणकिणाटात बोलायला लागतात. लोकांना वाटलं यंत्रांनी स्वतःची गुप्त भाषा काढली. प्रत्यक्षात ती जीजीवेव्ह होती, या गृहस्थाने काही वर्षांपूर्वी हौसेखातर लिहिलेली.

मशीन लर्निंगमध्ये तो आला तोही असाच. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने 'व्हिस्पर' हे बोललेलं लिहून काढणारं मॉडेल खुलं केलं. ते चालवायचं तर पायथॉन, पायटॉर्च आणि त्यांच्यामागे येणारा अवजड गोतावळा लागायचा, शिवाय वेग हवा असेल तर एनव्हिडियाचं कार्ड. काही दिवसांतच गेर्गानोव्हने ते सगळं बाजूला सारून व्हिस्पर सी आणि सी-प्लस-प्लसमध्ये नव्याने लिहायला घेतलं. त्यासाठी 'जीजीएमएल' नावाची स्वतःची छोटी लायब्ररी केली. स्फूर्ती होती फाब्रिस बेलार्डच्या कामाची. एफएफएमपेग आणि क्यूईएमयू या दोन गोष्टी ज्याच्या नावावर आहेत तोच हा बेलार्ड.

मग फेब्रुवारी २०२३. मेटाने 'लामा' मॉडेल संशोधकांपुरतं दिलं आणि आठवड्याभरात ते टॉरेंटवर फुटलं. फाइल सगळ्यांकडे आली, पण चालवायची कशावर? १० मार्च २०२३ ला गेर्गानोव्हने 'लामा.सीपीपी' गिटहबवर टाकलं. उद्देश एका ओळीचा: मॅकबुकवर ४ बिटमध्ये लामा चालवायचं. एका संध्याकाळीत उरकलेलं काम आहे, बरोबर चालतं की नाही ठाऊक नाही, असंही त्याने सोबत लिहून टाकलं होतं. थोड्याच दिवसांत कुणीतरी ते रास्पबेरी पायवर चालवून दाखवलं. एकेक तुकडा यायला कित्येक सेकंद लागत होते, पण चाललं. आज ओलामा, एलएम स्टुडिओ अशी जी सोपी अ‍ॅप्स लोक वापरतात, त्यांचा पाया याच कामात आहे.

४ बिट म्हणजे नेमकं काय?

मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांचा ढीग. '७ बी' म्हणजे सुमारे ७०० कोटी आकडे. प्रत्येक आकडा १६ बिटमध्ये, म्हणजे २ बाइटमध्ये ठेवला तर १४ जीबी होतात. ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ते मावतच नाही.

आता भाजीवाला काय करतो ते आठवा. तुमची बेरीज १४७ रुपये ४० पैसे झाली तर तो १४५ किंवा १५० म्हणतो. व्यवहार बिघडत नाही. क्वांटायझेशन म्हणजे हेच, फक्त जरा शिस्तीत. लामा.सीपीपीच्या सुरुवातीच्या एका पद्धतीत ३२ आकड्यांचा एक गठ्ठा करतात. त्या गठ्ठ्यासाठी एक 'पट्टी' ठरवतात, म्हणजे यातले आकडे साधारण केवढे आहेत त्याचं माप. ते १६ बिटमध्ये. मग प्रत्येक आकडा त्या पट्टीवर १६ घरांपैकी कुठल्या घरात बसतो एवढंच लिहितात, त्याला ४ बिट पुरतात. हिशोब करा: ३२ गुणिले ४ म्हणजे १२८, अधिक १६, एकूण १४४ बिट. भागिले ३२. आकड्यामागे साडेचार बिट. ७०० कोटी आकड्यांचं मॉडेल १४ जीबीवरून ४ जीबीच्या आत आलं.

थोडी अचूकता जाते, पण उत्तरं कामचलाऊ राहतात. मशीन लर्निंगमधला एखादा नवा सिद्धांत यामागे नाही. बिट कसे रचायचे, प्रोसेसरला एका दमात किती आकडे भरवायचे, फाइल मेमरीत कशी आणायची, हे इंजिनिअरचं रोजचं काम. पुढे लामा.सीपीपी झटपट सुरू व्हावं म्हणून जी युक्ती वापरली गेली, ती 'एममॅप', तर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कित्येक दशकांपासून पडून आहे. आपल्या जुन्या कामाचं कसब नव्या विषयात आणणारा माणूस हवा होता, एवढंच.

रॅमचा प्रश्न इथे येतो

भाषेचं मॉडेल उत्तर देताना एकेक टोकन, म्हणजे शब्दाचा एकेक तुकडा, काढतं. प्रत्येक तुकड्यासाठी अख्ख्या मॉडेलचे आकडे रॅममधून प्रोसेसरकडे न्यावे लागतात. दर वेळी, सगळे. त्यामुळे घरच्या मशीनवर वेग ठरतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरच्या ताकदीवर नव्हे, रॅममधून सेकंदाला किती जीबी बाहेर येतात यावर.

डीडीआर४-३२०० च्या दोन स्टिक असतील तर कागदावर सेकंदाला ५१.२ जीबी. आपलं मॉडेल ३.९ जीबीचं. भागाकार केला की सेकंदाला फार तर १३ टोकन. आपल्याकडचे बरेच स्वस्त लॅपटॉप एकाच स्टिकवर येतात. त्यांचा वेग निम्मा, २५.६, म्हणजे ६ टोकन. प्रत्यक्षात याहूनही थोडं कमी. मॅकबुकवर हे खेळ आधी का रंगले याचं उत्तरही इथेच आहे: एम१ प्रो चिपमध्ये तोच आकडा २०० जीबी आहे. लॅपटॉपमध्ये मोकळा स्लॉट असेल, तर दुसरी स्टिक टाकणं हा मशीन लर्निंग शिकणाऱ्यासाठी सगळ्यात स्वस्त अपग्रेड होता. 'होता' असंच म्हणायची वेळ आलीय.

त्यातच मॉडेलं ज्या दिशेने चाललीत ती पाहता रॅमची गरज वाढणार आहे. ५ ऑगस्ट २०२५ ला ओपनएआयने जीपीटी-ओएसएस ही खुली मॉडेलं दिली. त्यातल्या लहान मॉडेलमध्ये एकूण २१०० कोटी आकडे आहेत, पण एका टोकनमागे त्यातले फक्त ३६० कोटी कामाला लागतात. मोठ्या ऑफिसात माणसं शंभर, पण तुमची फाइल चार टेबलांवरूनच फिरते, तसं. या रचनेमुळे महागड्या ग्राफिक्स कार्डाविना बरा वेग मिळतो. मात्र शंभर माणसांना बसायला जागा तर लागतेच ना! १६ जीबी मेमरीत हे मॉडेल चालतं. म्हणजे ग्राफिक्स कार्डाची अडचण दूर होत होती आणि 'भरपूर साधी रॅम' एवढीच अट उरत होती, नेमकी तेव्हाच साधी रॅम दुकानातून गायब व्हायला लागली.

क्लाउड आहे की, असं कुणी म्हणेल. खरंय. कामापुरतं वापरायला क्लाउड उत्तमच. सरकारच्या इंडियाएआय मिशनला मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर झाले, त्यातून सवलतीच्या दरात जीपीयूही मिळतात. पण अर्ज, मंजुरी, तासाचं भाडं असं सगळं आलं की माणूस आधी कारण शोधतो. कीबोर्डच्या टकटकीवरून अक्षरं ओळखायचीत असं अर्जात लिहून कुणाला जीपीयू मिळेल? मीटर पळत असताना कुणी मोकळेपणाने चुकत नाही. घरच्या मशीनवर रात्री दोनला मॉडेल बिघडवलं तर फक्त झोप जाते.

मराठीचं काय अडलंय?

इथे आपला थेट संबंध आहे. कॉम्प्युटरच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणून १५ बाइट. हाच शब्द रोमन लिपीत ७ बाइटमध्ये बसतो. पहिल्या लामाच्या शब्दसंग्रहात ३२,००० तुकडे होते आणि त्यात देवनागरीला जेमतेम कोपऱ्यात जागा होती. मग मराठी शब्दाची चिरफाड अक्षरा-अक्षरात व्हायची.

याचा ढोबळ अंदाज ओपनएआयने स्वतःच दिला होता. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना त्यांनी एकच परिचयाचं वाक्य अनेक भाषांत मोजून दाखवलं. इंग्रजीत जुन्या पद्धतीने २७ टोकन, मराठीत ९६. नव्या पद्धतीने इंग्रजीत २४ आणि मराठीत ३३. आता हे आपल्या सेकंदाला ६ टोकनच्या लॅपटॉपला लावून बघा. जुन्या हिशोबाने तेच वाक्य इंग्रजीत साडेचार सेकंदांत येईल आणि मराठीत १६ सेकंद लागतील. मॉडेल तेच, मशीन तेच, पण मराठीत बोललात म्हणून साडेतीनपट थांबा. सुदैवाने पुढच्या खुल्या मॉडेलांनी संग्रह वाढवला. लामा ३ मध्ये तो १,२८,००० झाला, गुगलच्या जेमामध्ये २,५६,०००.

पण दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात आलीय. मघाशी भाजीवाल्यासारखा राउंड फिगरचा हिशोब सांगितला, तो सगळ्या भाषांना सारखा मानवत नाही. कोहिअरच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तपासलं तेव्हा असं दिसलं की रोमनेतर लिपीच्या भाषांना क्वांटायझेशनचा फटका जास्त बसतो. शिवाय आपोआप होणाऱ्या चाचण्यांत तो नीट पकडलाही जात नाही. जपानीत चाचणीनुसार घसरण सरासरी १.७ टक्के होती, माणसांनी तपासलं तेव्हा १६ टक्के निघाली.

आणि हे काम घरी करण्यासारखं आहे! लामा.सीपीपीमध्ये 'आय-मॅट्रिक्स' नावाची सोय आहे. मॉडेलला आधी थोडा मजकूर वाचायला द्यायचा. त्यावरून कुठले आकडे महत्त्वाचे आहेत हे ते नोंदवतं, आणि मग त्या आकड्यांना कमी धक्का लागेल अशी राउंड फिगर केली जाते. तयार मिळणाऱ्या फाइलींसाठी हा मजकूर बहुतेकदा इंग्रजी असतो. तो चांगला मराठी दिला तर? बातम्या, पत्रं, सरकारी परिपत्रकं, थोडी बोलीभाषा असा दोन-तीनशे पानांचा मजकूर जमवायचा, दोन्ही प्रकारे फाइल बनवायची आणि शंभर प्रश्नांची उत्तरं मराठी जाणणाऱ्या चार माणसांकडून, कुठलं कुठल्या फाइलचं ते न सांगता, तपासून घ्यायची. यासाठी पीएचडी लागत नाही. लागतं ते १६ किंवा ३२ जीबीचं मशीन, काही शनिवार-रविवार आणि मराठीचा कान. कॅलिफोर्नियातल्या कंपनीला यातलं पहिलं सहज परवडतं, तिसरं त्यांच्याकडे नाही.

आपल्याकडे असं घडलेलंही आहे. पुण्यातल्या एल३क्यूब या गटाने इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून मराठीसाठी केलेलं काम आज मराठीवर मशीन लर्निंग करणाऱ्या कुणालाही टाळता येत नाही. २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीट माणसांनी वाचून त्यांवर सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशी नोंद केली, तो 'महासेंट'. मग २४८ लाख वाक्यांचा 'महाकॉर्पस' आणि त्यावर तयार केलेलं 'महाबर्ट'. आजच्या मानाने हे मॉडेल चिमुकलं आहे आणि साध्या मशीनवर आरामात चालतं. हजारो ट्वीट बसून वाचणं हे काही कुणाच्या स्वप्नातलं एआय नव्हे. पण त्याशिवाय पुढचं काही झालं नसतं.

बोलण्याच्या बाबतीत तर अजून मैदान मोकळं आहे. व्हिस्परला ६ लाख ८० हजार तासांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं होतं. त्यात मराठी ऐकून मराठीत लिहायचा सराव एका तासापेक्षाही कमी होता. एक तास! एवढ्यात वऱ्हाडी, मालवणी, अहिराणीचं काय होणार ते सांगायला नको. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'मध्ये मराठी आहे, तिथे कुणीही आवाज देऊ शकतो आणि तो संच घेऊन व्हिस्परचं लहान मॉडेल, जे फक्त २४.४ कोटी आकड्यांचं आहे, सुधारून बघू शकतो.

कोर्स केला, पुढे काय?

हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत सध्या वातावरण कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या वर माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं तेव्हापासून 'एआय शिका नाहीतर संपलात' हा धाक दाखवणाऱ्या क्लासचं पेव फुटलंय. बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम ठरलेला: टायटॅनिकचे प्रवासी कोण वाचले ते ओळखा, फुलांच्या पाकळ्या मोजा, हाताने लिहिलेले आकडे ओळखा. शिकायला हे वाईट नाही. पण लाखो लोकांनी सोडवलेलं तेच गणित बायोडेटात लिहून मुलाखत घेणाऱ्याला काय कळणार? भीतीपोटी शिकणाऱ्याला मी दोष देत नाही, घराचे हप्ते सगळ्यांनाच आहेत. मला एवढंच दिसतं की ज्याला एखादी बारीकशी गोष्ट खटकते आणि ती सुटेपर्यंत झोप येत नाही, तो मुलाखतीत दोन मिनिटांत वेगळा ओळखू येतो.

अशा माणसासाठी सध्याचा व्यवहार्य सल्ला असा. नवा लॅपटॉप घेणार असाल तर प्रोसेसरच्या एका पायरीवर तडजोड करा, पण रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, आणि दुसरा स्लॉट मोकळा आहे का, हे दुकानदाराला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑफिसातून भंगारात निघणारे जुने डेस्कटॉप बघा. डीडीआर४ च्या चार स्टिकची जागा असलेलं जुनं मशीन या कामाला चकचकीत नव्या अल्ट्राबुकपेक्षा बरं पडतं. ८ जीबीच असेल तरी अडत नाही. ३०० ते ४०० कोटी आकड्यांची मॉडेलं ४ बिटमध्ये २ ते अडीच जीबीत बसतात, व्हिस्परचं लहान मॉडेल त्याहून कितीतरी कमी. मराठीसाठी मॉडेल निवडताना शब्दसंग्रहाचा आकार आधी बघा, आकड्यांची संख्या नंतर.

आणि कॉलेजांनी, मराठी मंडळांनी, अगदी सार्वजनिक वाचनालयांनीही एक विचार करायला हरकत नाही. ६४ जीबी रॅमचं एक सामाईक मशीन, रात्रीही चालू, कारण न विचारता वापरू देणारं. एका वर्गाच्या प्रोजेक्टरच्या खर्चात बसेल असं आजही वाटतं. अजून सहा महिन्यांनी बसेल की नाही, ते मेमरीच्या तीन कंपन्या ठरवतील.